हरणांची मेस

आम्ही ते घर भाड्याने बघायला गेलो तेव्हा मालकांनी आम्हाला तीनच प्रश्न विचारले. नोकरी कुठे, माणसं किती, मागच्या घरमालकाचा फोन नंबर काय, यातलं काहीही नाही. पहिला प्रश्न होता, "हिंग किती लागतो?" दुसरा, "फोडणी रोज करता का एक दिवसाआड?" आणि तिसरा, बोट तोंडात ओलं करून खिडकीबाहेर धरत, "वारा कुठून येऊन राहिला?"

तिसरा प्रश्न आम्हाला नसावा, पण माझ्या नवऱ्याने तोही आपल्यालाच समजून "समोरून" असं उत्तर दिलं. मालक खूश झाले. "वाऱ्याचं समजते म्हणजे चांगले लोक आहात," म्हणाले आणि किल्ली हातात ठेवली.

न्यूझीलंडमधल्या हेलेन्सविलच्या पुढे, कायपाराच्या बाजूला त्यांचा दहा एकरांचा तुकडा होता. वर टेकाडावर त्यांचं घर, घराच्या पाठीला चिकटून आमच्या दोन खोल्या, खाली उतरतं गवत आणि गवत संपलं की पाइनचं जंगल. मी अल्बनीला एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायला जायचे, नवरा शहरात जायचा, मुलगी गावातल्या शाळेत. भाडं इतकं कमी होतं की त्यांनी दात कोणत्या पेस्टने घासता असं विचारलं असतं तरी मी ट्यूब नेऊन दाखवली असती. हिंगाच्या प्रश्नाचा अर्थ मला मार्च उजाडल्यावर कळला.

मालक मूळचे वऱ्हाडातले. आयुष्यभर पूल बांधले, आधी तिकडे, मग इकडे, आणि रिटायर झाल्यावर हा तुकडा घेतला. बायको मात्र आमच्यासारखीच अस्सल पुण्याची. त्यांना आम्ही काकू म्हणायचो. मालकांना काका म्हणून पाहिलं, पण ते "काका कोणाचा?" असं म्हणून मागे वळून बघायचे, म्हणून ते मालकच राहिले. काकू शुद्ध शाकाहारी. मालक मटणाचं नाव काढलं तरी हळवे होणारे. दोघांची भांडी वेगळी, कपाटं वेगळी, आणि चाळीस वर्षं संसार एक.

तर या मालकांना एक वेड होतं. पाइनच्या जंगलात हरणं होती. फॅलो म्हणतात त्यांना, पण त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके असायचे, म्हणून मालक त्यांना चितळंच म्हणायचे. इकडे एप्रिलमध्ये, म्हणजे इकडच्या शरदात, नर माजावर येतात, शिकारीचा खरा मोसम तो. लोक बंदुका घेऊन डोंगर चढतात, चार दिवस भिजतात, गुडघे फोडून घेतात. मालकांचं म्हणणं, आपण कशाला जायचं? चितळाला घरी बोलवायचं. जंगलाच्या कडेला अर्ध्या एकरात त्याच्या आवडीचं पेरायचं, ते खायला येईल, आपण समोर मचाणावर बसायचं. इथले शिकारी अशा जागेला फूड प्लॉट म्हणतात. मालक "आपला प्लॉट" म्हणायचे. काकू म्हणायच्या, "हरणांची मेस."

"काय हो, आज तुमच्या मेसला कोणी होतं का जेवायला?" हा काकूंचा संध्याकाळचा ठरलेला प्रश्न. विचारताना नजर भाजीवर. मालक गमबूट काढत म्हणायचे, "पुकेको होते."

पुकेको म्हणजे निळी, लाल चोचीची, पाणकोंबडीसारखी पाखरं. इथे ती जिथे तिथे असतात आणि नुकतं पेरलेलं बी उकरून खाणं हा त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय आहे. पहिल्या वर्षी क्लोव्हर त्यांनी खाल्लं. दुसऱ्या वर्षी सलगम लावले, ते शेजारच्या बॅरीच्या मेंढ्यांनी कुंपण वाकवून खाल्ले. बॅरी हा साठीचा, बारा महिने अर्ध्या चड्डीत असणारा शेतकरी. त्याने येऊन खाल्लेलं रान बघितलं, "शील बी राइट, मेट," म्हणजे होईल सगळं ठीक, असं म्हणाला आणि मेंढ्या घेऊन गेला. तिसऱ्या वर्षी चिकोरी आली, छान आली, कमरेइतकी आली, आणि तशीच उभी राहिली. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. "मेसचा मेनू बदलून बघा," काकू म्हणाल्या.

हे सगळं आमच्या आधीचं. आम्ही आलो तोवर मालक या सगळ्याच्या मुळाशी पोहोचले होते. हरणं येत नव्हती याचं कारण पेरणी नव्हतीच. कारण होतं वास. हरणाचं नाक म्हणजे नाक असतं, त्याला मैलावरचा माणूस कळतो, असं त्यांनी कुठे तरी वाचलं होतं. आणि आपला, म्हणजे मराठी माणसाचा, वास कशाचा येतो? मालकांनी विचार केला आणि उत्तर त्यांना आपल्याच स्वयंपाकघरात सापडलं.

एक मार्चपासून एप्रिल संपेपर्यंत त्या घरात फोडणीला बंदी. मोहरी नाही, हिंग नाही, कढीपत्ता नाही. उदबत्ती नाही. डोक्याला खोबरेल नाही. ही बंदी आम्हालाही लागू होती, कारण आमच्या स्वयंपाकघराचा पंखा नेमका जंगलाकडे तोंड करून होता.

"दोन महिने बिनफोडणीचं वरण?" मी काकूंना विचारलं.

"मी पहिल्या वर्षी रडले," काकू शांतपणे म्हणाल्या. "आता मी रडत नाही. मी नोंद ठेवते. मनात."

होळी आली. पुरणपोळी झाली, पण कटाच्या आमटीला फोडणी नाही. आमटी नुसती तांबूस पाण्यासारखी वाटीत बसून होती. माझ्या मुलीने चमचा घालून बघितला आणि विचारलं, "मम्, इज धिस सूप सिक?"

त्या रविवारी मी बंड केलं. इकडे प्रत्येक गावाच्या बागेत लोकांसाठी फुकट बार्बेक्यू असतात. बटण दाबलं की लोखंडी तवा तापतो. मी कुकरमधलं वरण, तेल, मोहरी, हिंग आणि कढीपत्ता पिशवीत भरला आणि काकूंना घेऊन नदीकाठच्या बागेत गेले. शेजारच्या तव्यावर एक कुटुंब सॉसेज भाजत होतं. आमच्या तव्यावर आम्ही फोडणीचं कढलं ठेवलं. मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि काकूंनी डोळे मिटले. देवळात मिटतात तसे.

शेजारचा माणूस चिमटा हातात धरून आमच्याकडे आला. "किया ओरा, लेडीज. व्हॉट आर यू कुकिंग? स्मेल्स हीप्स गुड."

"नथिंग," काकू म्हणाल्या. "जस्ट द फोडणी."

वरण डब्यात घट्ट बंद करून आम्ही घरी आलो. मालक दारातच उभे होते. ते आमच्या गाडीभोवती एक फेरी मारून आले, मागच्या सीटजवळ थांबले आणि मला म्हणाले, "काय वो पुणेकर, आज तुमची गाडी जेवून आली का?"

मालकांचं फोन उचलणंही असंच. हॅलो नाही, नमस्कार नाही. "जागे आहा ना?" दुपारी दोन वाजता असो की सकाळी दहाला. मी ऑफिसातून भाड्याबद्दल काही विचारायला फोन केला की पलीकडून पहिलं वाक्य, "जाग्या आहा ना वो?" आधी मला वाटायचं हा आयटीवाल्यांवर टोमणा आहे. मग बघितलं तर बँकेलाही तेच, माझ्या मुलीलाही तेच, बॅरीला इंग्रजीत, "बॅरी, यू आर अवेक?" बॅरी म्हणायचा, "या, नाह, जस्ट." हो आणि नाही एकाच दमात म्हणायची ही इथली रीत.

स्वतः मालक कुठेही पेंगताना दिसले नाहीत. मंडळाच्या गणपतीला तीन तास भाषणं चालायची, अख्खी रांग माना टाकून बसायची, मालक ताठ. डोळे सताड उघडे, जणू स्टेजवरून काही तरी उड्या मारून येणार आहे.

बंदुकीचं लायसन काढायच्या वेळची गोष्ट काकूंनी मला सांगितली. इथे लायसन देण्याआधी एक माणूस घरी येतो आणि बायकोला वेगळं बसवून विचारतो, यांच्या हातात बंदूक दिली तर तुम्हाला सुरक्षित वाटेल का? राग येतो का यांना? काकूंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "प्रिंटरवर येतो." मग त्याने विचारलं, निशाणा कसा आहे? काकू म्हणाल्या, "मिस्टर, ही कॅननॉट हिट अ कॉक्रोच विथ अ चप्पल." त्या माणसाने चप्पल म्हणजे काय ते विचारलं. काकूंनी पायातली काढून दाखवली. "ओह, जँडल," तो म्हणाला आणि लिहून घेतलं. लायसन मिळालं.

बंदुकीची लोखंडी तिजोरी भिंतीला ठोकायची होती. घरात एकच विटांची भिंत होती आणि तिच्यावर देवघर होतं. त्यामुळे वर बाळकृष्ण आणि खाली बंदूक अशी व्यवस्था झाली. खंडेनवमीला मालकांचा उत्साह बघण्यासारखा असायचा. "इतकी वर्षं आम्ही काय पूजलं? पट्टी, गुण्या आणि कॅलक्युलेटर. आता खरं शस्त्र आहे घरात." माझा लॅपटॉप, नवऱ्याचा ड्रिल, गवत कापायचं यंत्र आणि मध्ये बंदूक, रिकामी, झेंडू लावलेली. मालकांनी भक्तिभावाने तिच्या दुर्बिणीलाही कुंकू लावलं. ते आत कुठे तरी गेलं. पुढे कित्येक आठवडे त्यांना नेम धरला की सगळं जग तांबडं दिसायचं. बॅरीच्या मेंढ्यासुद्धा.

माजावर आलेला फॅलो नर ओरडतो ना, ते ओरडणं म्हणजे भरपेट जेवलेल्या माणसाने एकामागून एक ढेकर द्यावेत तसं असतं. हा आवाज मालक ड्रेनेजच्या पाइपाच्या तुकड्यातून काढायचे. आम्ही तिथे राहायला गेल्यावर पहिल्या शरदात, एका सकाळी भिंतीपलीकडून तो आवाज आला आणि माझा नवरा टूथब्रश तोंडात धरून धावत गेला. त्याला वाटलं मालकांच्या घशात काही अडकलं. त्याने जाऊन त्यांच्या पाठीत दोन गुद्दे घातले. मालक पाइप बाजूला करून म्हणाले, "जमून राहिलं का?"

आणि मसाला. दर फेब्रुवारीत मालक सावजी पद्धतीचा मसाला भाजायचे, बंदी सुरू होण्याआधी. दगडफूल, खसखस, काळी मिरी, सगळं पापाटोएटोच्या देशी दुकानातून आणायचं, वेगळ्या कढईत भाजायचं आणि बरणीवर चिठ्ठी लावायची, "चितळ." मे महिन्यात ती चिठ्ठी निघायची आणि मसाला सुपरमार्केटच्या मेंढीला लागायचा. अशा रीतीने न्यूझीलंडमधली एक मेंढी दर वर्षी चितळाच्या मानाने शिजली.

आमचं तिसरं वर्ष. जानेवारीत एका रविवारी काकूंनी जेवताना जाहीर केलं. आवाज चढवला नाही. काकूंचा आवाज उतरला की मालक घास तोंडात थांबवायचे.

"अहो, सहा शरद झाले. या वेळी एप्रिल संपेपर्यंत तुमच्या मेसमध्ये एक जरी गिऱ्हाईक जेवायला आलं, तर जागा तुमची, बंदी तुमची, मी जन्मात बोलणार नाही. नाही आलं, तर जागा माझी. मेथी लावीन, कोथिंबीर लावीन, आणि बारा महिने हिंगाची फोडणी करीन. दार उघडं ठेवून."

मालकांनी थांबवलेला घास गिळला. मग म्हणाले, "मारायचं नाही? नुसतं आलं तरी चालते?"

"नुसतं येऊन जेवलं तरी चालतं. मी काही अशक्य मागत नाहीये तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवसापासून मालक बदलले. फूड प्लॉटची पुस्तकं त्यांनी बॅरीला देऊन टाकली. "ही सारी गोऱ्याच्या हरणासाठी लिहिलेली," ते मला म्हणाले. "आपल्या चितळाले काय आवडते ते मले माहीत आहे. हरभरा."

"ही पण इथलीच हरणं आहेत ना?"

"ठिपके पाह्यले ना तुम्ही? मग."

यापुढे वाद नव्हता. पापाटोएटोच्या दुकानातले काळे हरभरे त्यांनी आधी ओल्या फडक्यात बांधून पाहिले. एकालाही मोड आला नाही. काकूंनी त्यांची उसळ केली. मग इथल्याच बियाणेवाल्याकडून रीतसर बी मागवलं. आणि पेरायचं कसं? फेकून नाही. फेकलेलं पुकेको खातात. तिफणीनेच पेरायचं.

तिफण त्यांनी स्वतः बनवली. जुन्या पलंगाचा लोखंडी सांगाडा, तीन फाळ, तीन पाइप आणि वर बी सोडायचं चाडं म्हणून काकूंचं तेल ओतायचं मोठं नरसाळं. बैलांच्या जागी गवत कापायचं बसायचं यंत्र. त्यावर मालक. तिफणीवर वजन म्हणून माझा नवरा उभा. आणि चाड्यावर मूठ धरायला मी. मूठ धरणं म्हणजे चालता चालता नरसाळ्यात सारखं, एकाच वेगाने, मुठीतून बी सोडत राहायचं. "आमच्याकडे हे काम बायांचंच," मालक म्हणाले. "बाईच्या मुठीले बरकत असते." काकूंनी हात जोडून नकार दिला होता. "मी विरुद्ध पक्षाची आहे," म्हणाल्या.

ओटीत हरभरे, पायात जँडल्स, पुढे नवरा तोल सांभाळत दोन्ही हात पसरून उभा, त्याच्या पुढे मालक भगव्या सेफ्टी जॅकेटमध्ये "हाँ, हाँ, सर्र" असं त्या यंत्राला म्हणताहेत. बॅरी कुंपणाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ बघून त्याने मला विचारलं, "दिस अ रिलिजस थिंग?"

"या, नाह," मी म्हटलं. आणि पुढची मूठ सोडली.

माझ्या मुठीला बरकत होती की नाही कोण जाणे, पण ओळींमध्ये एका जागी मूठभर आणि पुढे दोन पावलं काहीच नाही, असा हरभरा उगवला. माझ्या कोडमध्ये चुका शोधायच्या सवयीने मला त्या सगळ्या दिसत होत्या. मालकांना मात्र फक्त हिरवं दिसत होतं. मार्चच्या शेवटी रान घोट्याच्या वर आलं. त्याची आंबट पानं मालक चालता चालता खुडून तोंडात टाकायचे. काकूही एकदा, कोणी बघत नाही असं पाहून, शेंडे खुडून पदरात घेऊन गेल्या. भाजी झाली. बिनफोडणीची, पण झाली.

एप्रिल उजाडला. रोज दिवेलागणीला मालक मचाणावर. मचाण म्हणजे चार खांबांवर ठोकलेल्या फळ्या, वर पत्रा. सोबत कोणी तरी लागायचं. नवऱ्याची कंबर तिफणीवर गेलेली, त्यामुळे ऑफिसातून आले की मी. मला बंदुकीतलं काही कळत नव्हतं, पण गप्प बसता यायचं. मीटिंगांमुळे. काळा चहा थर्मासमध्ये, खाकरे दातांनी न वाजवता चोखून खायचे.

एका संध्याकाळी मी हळूच विचारलं, "मालक, फोनवर सगळ्यांना जागे आहात का असं का विचारता?"

त्यांनी रानावरची नजर काढली नाही. तसेच, माझ्याइतक्याच हळू आवाजात म्हणाले, "दहा वर्षांचा असेन. आमचं वावर जंगलाच्या कडेले. हरभरा घाट्यावर आलेला. बापाले ताप होता, म्हणून एक रात्र राखणीले मी. मचाणावर. गोफण, टिनाचा डबा, सारं होतं. आणि डोळा लागला ना वो. फटफटलं तेव्हा जागा झालो. चितळांनी वावर साफ करून टाकलं होतं. एक घाटा नाही."

"मग वडील?"

"ताप अंगात घेऊन आला. वावराच्या धुऱ्यावर बसला. काही बोललाच नाही. मारलं असतं तर मी विसरून गेलो असतो."

मी चहाचा पेला त्यांच्यापुढे केला. आणि विचारलं, "मग आता त्यांनाच कशाला बोलावता खायला?"

"तवा चोरून खाल्लं," मालक म्हणाले. "आता समोरासमोर. मी पण जागा, ते पण जागं. पाहू म्हटलं."

एप्रिलचा शेवटचा दिवस आला, आणि तोवर मेसमध्ये पुकेकोंशिवाय कोणी पाय ठेवला नव्हता. त्या संध्याकाळी मालकांनी दाढी केली होती. का, ते मी विचारलं नाही. आम्ही मचाणावर बसलो. वारा मागून, घराकडून जंगलाकडे जात होता, म्हणजे वाईट. पाइप वाजवून झाला. पाइनच्या आत कुठे तरी एका ढेकराने उत्तर दिलं आणि गप्प झालं. उजेड उतरत चालला. आणि मग, अगदी स्पष्ट, खमंग, अंगावर पांघरूण घालावं तसा हिंगाच्या फोडणीचा वास आमच्यावरून पुढे गेला.

काकूंच्या मते मोसम संपला होता.

मालकांनी डोळे मिटले. त्यांचे डोळे मिटलेले मी पहिल्यांदाच बघत होते. "संपलं," ते म्हणाले. "दोन महिन्यांची बंदी आणि शेवटच्या अर्ध्या तासात लसणाची फोडणी टाकली बाईनं."

मी सांत्वनाला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पाइनच्या कडेला तो उभा होता.

मोठा नर. पंजासारखी रुंद शिंगं, अंगावर ठिपके. त्याने नाक वर केलं. वास घेतला. हिंग, लसूण, कढीपत्ता, सगळं त्याच्या नाकात गेलं असणार. आणि सहा वर्षांच्या संशोधनाकडे साफ दुर्लक्ष करून तो एक एक पाऊल टाकत सरळ आमच्या दिशेने आला आणि हरभऱ्यात शिरला.

मी मालकांच्या बाहीला हात लावला. त्यांनी डोळे आधीच उघडले होते. बंदूक खांद्याला लागली, गाल दस्त्यावर टेकला. कुंकू एव्हाना निघालेलं होतं. मी कानांवर हात ठेवले. नराने मान खाली घातली, एक टहाळ तोंडात धरलं, उपटलं, आणि मुळाची माती झटकून चावायला लागला.

मी बंदुकीच्या आवाजाची वाट बघत होते. आला तो दुसराच.

"हाऽऽऽऽ लेऽऽ लेऽऽ लेऽऽ! हुर्रर्रर्र! हाट्! हाट्!"

मचाण हललं. मालक उठून उभे होते. बंदूक फळ्यांवर नीट आडवी ठेवलेली, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात खाकऱ्याच्या डब्याचं झाकण. थर्मास झाकणावर आपटत ते सगळा जीव एकवटून ओरडत होते, "हाऽऽऽ लेऽऽ! निघ माझ्या हरभऱ्यातून! निघ!"

नर जागच्या जागी उडाला, हरभऱ्याचं टहाळ तोंडातच ठेवून दोन उड्यांत जंगलात दिसेनासा झाला. मालक त्याच्यामागे आणखी थोडा वेळ झाकण वाजवत राहिले. मग थांबले. हातातल्या थर्मासकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चेहरा असा की मला वाटलं, आता यांना धरून खाली उतरवावं लागणार.

"पाह्यलं ना वो तुम्ही?" ते म्हणाले. आवाज फुटला होता. "जागा होतो मी. जागाच होतो."

"होतात ना," मी म्हटलं. "मी साक्षीदार आहे."

आम्ही घरी परतलो. त्यांनी बंदूक रिकामी केली, दोनदा तपासली, तिजोरीत ठेवली. काकू हातात पळी घेऊन दारात.

"कोण ओरडलं? पडलात का काय?"

"आलं होतं," मालक म्हणाले.

"कोण?"

"गिऱ्हाईक. जेवलं पण. एक घास."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. काकूंचा चेहरा पडला, खरंच पडला. पण त्या शब्दाच्या पक्क्या. "मग ठीक आहे. जागा तुमची," त्या म्हणाल्या, आणि पळी खाली घेतली. "ही शेवटची फोडणी समजा. पण बंदुकीचा आवाज कसा नाही आला?"

"हाकललं मी त्याले."

"सहा वर्षं बोलावलंत, आणि आल्यावर हाकललंत?"

"हरभऱ्यात शिरलं होतं ना ते," मालक म्हणाले, जसं काही यापेक्षा जास्त सांगायची गरजच नव्हती.

काकू वाद न घालता आत वळल्या. त्यांना ती राखणीची गोष्ट माहीत असणार, चाळीस वर्षांत कळली नसेल असं कसं होईल. त्यांनी पाट मांडल्यासारखी खुर्ची ओढली आणि मालकांच्या पानात भाताची मूद ठेवली. वर फोडणीचं वरण. मालकांनी पहिला घास घेतला, दोन महिन्यांनी, आणि चावत चावत म्हणाले, "जागा तुम्हीच घ्या. मेथी लावा, काय लावायचं ते लावा. मले फक्त राखणीले ठेवा."

"पगार मिळणार नाही," काकू म्हणाल्या.

"वरण तर मिळन?"

पुढच्या वर्षी आम्ही टाकानिनीला घर घेतलं. नव्या वसाहतीतलं, शेजाऱ्याच्या खिडकीत आपला हात जाईल असं. फोडणीला इथे कोणी काही म्हणत नाही. अख्खी गल्लीच फोडणीची आहे. महिन्यातून एकदा आम्ही तिकडे जातो आणि काकू पिशवीभर मेथी आणि हरभऱ्याची कोवळी पानं देतात. मालकांची ताकीद असते, "चितळानं सोडलेली आहे, धुऊन घ्या." कारण ती आता येतात. रोज येतात, पिल्लांसकट येतात. काकूंच्या मेथीवर त्यांचा जीव आहे, आणि फोडणीचा वास आला की जेवण तयार झालं असं ती समजतात, असं माझं स्वतःचं संशोधन आहे. बॅरी कुंपणाशी उभा राहून डोकं खाजवतो. "हीप्स ऑफ डिअर, मेट. वाय डोन्ट यू शूट वन?" मालक त्याला "या, नाह" म्हणून सांगतात. बरणीवर अजून चिठ्ठी आहे. मसाला अजूनही मेंढीलाच लागतो.

मागच्या रविवारी संध्याकाळी मी फोन केला.

"जाग्या आहा ना वो?"

"आहे, मालक. तुम्ही कसे आहात? मी म्हणत होते, पुढच्या शनिवारी आम्ही..."

"थांबा."

फोन मचाणाच्या फळीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग स्टीलच्या ताटावर डाव वाजला, ठण ठण ठण, आणि त्या वयाच्या माणसाच्या छातीतून निघेल असं वाटणार नाही इतकी लांब, मोकळी आरोळी. "हाऽऽऽ लेऽऽ लेऽऽ लेऽऽ!" त्याच्यामागून, टेकाडावरून, काकूंचा आवाज, "अहो, हळू! दचकले ना मी! मोहरी जळली माझी!"

मग फोन पुन्हा उचलला गेला. मालकांना धाप लागलेली.

"हां," ते म्हणाले. "बोला. कुठं होतो आपण?"

"शनिवारी येतोय म्हणत होते."

"या ना. आणि पोरीले गमबूट आणा तिचे. मले जरा चहा प्यायले खाली उतरायचं असते, तेव्हा वर कोणी तरी जागं पाहिजे."